पेलेलिउच्या गुहा उघडाव्यात की नाही?

सागरवाट:
प्रशांत महासागरातल्या पलाऊ या द्वीपदेशात गेलो होतो तेव्हा तिथल्या कोरोर शहरातून बोटीने पेलेलिउला जाऊन आलो. बेट जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं. मधोमध उमुरब्रोगोलची टेकड्यांची रांग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक तिला 'ब्लडी नोज रिज' म्हणत. प्रवाळाचा दगड इतका धारदार की हात टेकवला तरी सोलवटतो. बेट जपान्यांच्या ताब्यात होतं. १५ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकेचे मरीन सैनिक उतरले तेव्हा तीन-चार दिवसांत बेट हाती येईल असा त्यांच्या सेनापतीचा होरा होता. लढाई नोव्हेंबरअखेरपर्यंत चालली. सुमारे १०,९०० जपान्यांपैकी जवळपास सगळे मेले. बाहेर न येणाऱ्यांच्या गुहांची तोंडं स्फोटकांनी बुजवली गेली आणि त्यातले कितीतरी जण अजून आतच आहेत. एका तोंडाशी बाटल्या आणि गंजलेला डबा दिसला, पुढे अंधार. माझं मत: गुहा उघडाव्यात, अस्थी घरी जाव्यात.

कातळकडा:
सागरवाट, वर्णन पोचलं, मत पटलं नाही. ती जागा आता थडगं आहे. पर्ल हार्बरला जपानी हल्ल्यात बुडालेल्या 'ॲरिझोना' या अमेरिकन युद्धनौकेत ९०० हून जास्त खलाशी आहेत, त्यांना कोणी वर काढलं नाही. तिथे समुद्र, इथे डोंगर, एवढाच फरक. उपसाउपशीत ते बाटल्या-डबेही जागचे हलतील. कोण कुठे बसला होता, पाणी कुठे साठवत होते, हे सांगणारं दुसरं काय उरलंय?

सागरवाट:
फरक आहे. 'ॲरिझोना'वर कोण होतं ते माहीत आहे, नावं भिंतीवर कोरली आहेत, वारस जाऊन उभे राहतात. इथे कुठल्या गुहेत कोण, ते ठाऊक नाही. परदेशी मेलेल्या सुमारे ११ लाख जपान्यांच्या अस्थी अजून परतलेल्या नाहीत. २०१६ च्या कायद्याने त्या शोधणं ही जपान सरकारची जबाबदारी ठरली. बाप गेला तेव्हा पाळण्यात असलेलं मूल आज ऐंशीच्या पुढे आहे. त्याला 'डोंगरच थडगं समजा' कसं सांगायचं?

मीरा_वि:
दोघांचंही वाचलं. पण ज्यांचं बेट, ते कुठे आहेत या चर्चेत? लढाईआधी गावकऱ्यांना हलवलं होतं. परतले तेव्हा त्यांना स्वतःचं बेट ओळखू येईना. रांगेवर अमेरिकन रेजिमेंटचा स्तंभ, पायथ्याजवळ जपानी देऊळ, दक्षिण टोकाला २०१५ साली सम्राट अकिहितो जिथे झुकले ते स्मारक. दोन्ही परके देश आपापल्या मेलेल्यांना आठवतात, आणि जमीन तिसऱ्याची! गुहा उघडण्याचा निर्णय टोकियोने घ्यायचा की पेलेलिउच्या गावाने?

कातळकडा:
मीराताई, हाच मुद्दा मला पुढे न्यायचाय. आत जिवंत हातगोळे आहेत. सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवर, होनियारा शहरात, २०२० मध्ये जुन्या दारूगोळ्याच्या सर्वेक्षणाचं काम करणारे दोन तज्ज्ञ स्फोटात गेले. मेलेल्यांसाठी जिवंत माणूस पणाला लावायचा का?

पाऊलखुणा:
मी सागरवाट यांच्या बाजूने. सिंगापूरला पकडलेल्या हिंदी सैनिकांना जपान्यांनी न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावर राबायला नेलं. रबाउलजवळ बिटा पाकाच्या स्मशानभूमीत आपल्या मातीतली ती नावं दगडावर आहेत. नाव असलं की कोणीतरी शोधत येतं. आणि कातळकडा, सामानाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. रणगाडे गंजू देत, डबा तिथेच राहू दे. फक्त माणूस बाहेर येऊ दे.

सागरवाट:
मीराताई, चूक मान्य. आधी गावाला विचारायला हवं. कातळकडा, गोळे निकामी केल्याशिवाय कुणी आत जाऊ नये, हेही मान्य. पण 'कधीच नको' हे नाही. १९४७ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपून दीड वर्ष झाल्यावर, याच बेटावरून ३४ जपानी जिवंत बाहेर आले. त्यांना कोणी 'राहू दे आतच' म्हटलं नव्हतं.

कातळकडा:
ते चालत बाहेर आले, सागरवाट. मला त्यांची नाही, आत जाणाऱ्याची काळजी आहे.