वर्तुळ अन्वस्ताला टेकतंय, पण विवेचक शून्य येत नाही. का?

लोकमान्यनगर_इंदूर:
नमस्कार मंडळी. बारावीसाठी सरावाचं एक उदाहरण तयार करतोय. अन्वस्त य = क्ष². वर्तुळाचं केंद्र (०, क), त्रिज्या १/४. दोन्ही वक्र एकमेकांना स्पर्श करतील अशी क ची धन किंमत काढायची. क्ष² च्या जागी य घातला की य² + (१ − २क)य + क² − १/१६ = ० मिळतं. विवेचक शून्य धरला तर क = ५/१६. पण मोठ्या मापात आकृती काढली तर वर्तुळ अधांतरी राहतं, कुठेच टेकत नाही. रेषेच्या उदाहरणांत हीच पद्धत बिनतक्रार चालते. मग इथे घोळ कुठे?

तोपखाना:
विवेचक तुम्ही य चा घेतलात, घोळ तिथेच आहे. क = ५/१६ ला य चं दुहेरी मूळ येतं −३/१६, आणि तेवढा य आपल्या अन्वस्तावर कुठेच नाही. उलट खरा स्पर्श शिरोबिंदूपाशी आहे. तिथे य = ० हे मूळ एकदाच येतं, विवेचक १/४ भरतो; पण त्याच मुळातून क्ष² = ० निघतं, म्हणजे क्ष दोनदा शून्य. शिरोबिंदूची स्पर्शिका आडवी, त्यामुळे तिथे य जवळजवळ हलतच नाही आणि दुहेरीपणा त्याच्यात दिसत नाही. चल काढून टाकताना हे आधी बघा: उरणारा चल स्पर्शबिंदूपाशी थबकत तर नाही ना?

त्यापेक्षा सरळ दोन अटी लिहा: बिंदू सामाईक आणि चढ समान. अन्वस्ताचा चढ २क्ष, वर्तुळाचा −क्ष/(य − क). समान धरल्यावर मुलं दोन्हीकडचा क्ष उडवतात आणि अर्धं उत्तर तिथेच जातं. उडवू नका. एक फाटा क्ष = ०: मग य = ०, आणि क म्हणजे त्रिज्येइतकाच, इथे १/४ (−१/४ घेतलं तर वर्तुळ बाहेरून टेकतं). दुसरा फाटा य = क − १/२: यातून त्रिज्या² = क − १/४. पण य ऋण चालणार नाही, म्हणून हा फाटा त्रिज्या १/२ किंवा जास्त असेल तरच खरा.

सांवेररोड_टूलरूम:
हे अन्वस्ताच्या आकाराच्या खाचेत गोल पिन ठेवून मोजमाप घेण्यासारखंच आहे. एकक सेंटिमीटर धरा. ५ मिमी व्यासाची पिन तळाला टेकते. २० मिमीची (त्रिज्या १, क = ५/४) तळाला पोचतच नाही: मध्यापासून दोन्हीकडे ८.६६ मिमीवर, तळापासून ७.५ मिमी उंचीवर अडकते आणि तिच्याखाली २.५ मिमी फट राहते. सीमा १० मिमीची, कारण शिरोबिंदूपाशी अन्वस्ताची वक्रता-त्रिज्या (तिथल्या वळणाशी सर्वांत जवळून जुळणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या) नेमकी १/२ आहे. ती पिन निळं (टेकल्याची खूण उठवणारा रंग) लावून तपासली तर बारीक रेघेऐवजी रुंद पट्टा उठतो. मध्यापासून २ मिमीवरही फट जेमतेम ०.०१७ मिमी. तळाची खोली मोजायला तिच्यापेक्षा बारीक पिनच घ्यावी.

लोकमान्यनगर_इंदूर:
दोन्ही फाटे कळले, आभार. १० मिमीच्या वेळी समीकरणाचं काय होतं? आणि स्पर्शिका उभी असली तर चढ कसा लिहायचा?

तोपखाना:
तेव्हा समीकरण य² = ० उरतं, म्हणजे क्ष⁴ = ०. चार छेदनबिंदू एकाच जागी गोळा होतात. चढच नव्हे, दुसरं आणि तिसरं विकलजही जुळतं. हा पट्टा त्याचाच.

उभ्या स्पर्शिकेसाठी भागाकार टाळा. दोन्ही वक्र फ = ० आणि ग = ० असे लिहा, क्ष आणि य यांच्या सापेक्ष आंशिक विकलजं (दुसरा चल स्थिर धरून) काढा, फ च्या क्ष-सापेक्ष विकलजाला फक्ष म्हणा, बाकीची तशीच, आणि फक्ष·गय − फय·गक्ष = ० तपासा. पण आधी एक खात्री करा: त्या बिंदूवर कुठल्याही वक्राची दोन्ही आंशिक विकलजं एकाच वेळी शून्य नकोत. य² = क्ष³ आणि रेषा क्ष = ० घेऊन बघा. आरंभबिंदूवर ही अट आपोआप पुरी होते, य² = ० असं दुहेरी मूळही मिळतं, तरी रेषा स्पर्शिका नाही. तिथे वक्राला टोक आहे आणि त्याची स्पर्शिका क्ष-अक्ष आहे.

सांवेररोड_टूलरूम:
आकृतीवरून ठरवताना एक जपा: स्पर्श म्हणजे वक्र एकाच बाजूला राहणार असं नाही. य = क्ष³ आरंभबिंदूवर क्ष-अक्षाला स्पर्शही करतो आणि तिथेच ओलांडूनही जातो.