पाहुणा आला की तुम्ही त्याला कुठे नेता?

कृष्णाकाठ

अजिंठा, रायगड, गेटवे यांची तारीफ करायला बाहेरचे लोक भरपूर आहेत. हा धागा त्यांच्यासाठी नाही. तुमच्या गावातला एखादा पूल, तळं, पुतळा, पडकी भिंत, काहीही चालेल. फक्त त्याला कोणी नावं ठेवली की तुम्ही तावातावाने भांडायला उठता, एवढी एकच अट. माहितीफलकावरचा मजकूर इथे उतरवू नका. त्या जागेशी तुमचा काय संबंध येतो ते लिहा.

सुरुवात मीच करतो. सांगलीत गणपती मंदिर आहे, हळदीची पेठ आहे, पण मला विचाराल तर आमचा खरा मानबिंदू आयर्विन पूल. कृष्णेवरचा, 1929 सालचा, दगडी कमानींचा. अलीकडे सांगली, पलीकडे सांगलीवाडी. ज्याचं नाव दिलं तो व्हाइसरॉय गेला, संस्थान गेलं, पुलाचं नाव मात्र कोणी बदलायच्या भानगडीत पडलं नाही. एरवी आम्ही त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण पाऊस लागला आणि कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की अख्ख्या गावाचा एकच प्रश्न, ‘आयर्विनला किती?’

उत्तर फुटांत. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातली मंडळी त्याच्या कितीतरी आधी गाद्या माळ्यावर चढवायला लागतात. किराणा दुकानात, सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत सगळे फुटांतच बोलतात. शाळकरी पोरगंसुद्धा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर मत ठोकून देतं. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं तेव्हा आता याच्या पुढे काही नाही, असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणाली होती. 2019 ला 57 ओलांडलं. आमच्या जिन्याच्या भिंतीवर वडिलांनी खिळ्याने ओरखडून दोन रेघा मारून ठेवल्यात. घराला रंग काढताना रंगाऱ्याला पहिली सूचना हीच असते, त्या रेघांवर ब्रश फिरवायचा नाही.

शेजारी नवा पूल झालाय. चांगला आहे, रुंद आहे. पण ‘नव्या पुलाला किती?’ असं अजून तरी कोणी विचारलेलं ऐकलं नाही.

येऊ द्या तुमचं.

रंकाळवेस

सांगलीकर पुढं झाले म्हटल्यावर कोल्हापूरची हजेरी लागायलाच पाहिजे.

अंबाबाईचं दर्शन झालं की सगळे पाहुण्याला रंकाळ्यावर नेतात. मी आधी खासबागेत नेतो, कुस्ती असो नसो. मधोमध मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा. शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला गेले होते, त्या फेरीत त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार बघितलं आणि 1912 ला आमचं हे मैदान उभं राहिलं, असं लहानपणापासून ऐकत आलोय. आत एकही आडवा खांब नाही. पार मागं बसलात तरी पैलवानानं शड्डू ठोकलेला कानावर येतो.

मला तिथं आजोबांनी नेलं. त्यांचा नियम होता, कुस्ती सुरू व्हायच्या आधी खाली उतरायचं आणि माती हातात घ्यायची. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मुरवलेली ती तांबडी माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोट लावलं की भुसकन् मोडतो. आंबूस वास हाताला दिवसभर राहतो. हलगी सुरू झाली की आजोबा बोलायचे बंद. कुस्ती बरोबरीत सोडवली की मात्र शेजारच्या अनोळखी माणसाशीसुद्धा भांडायचे. निकाल लागलाच पाहिजे, हा खासबागेचा शिरस्ता.

त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ते 1915 चं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी गेलो तेव्हा रस्ता माणसांनी भरलेला. नाटकाशी काडीचा संबंध नसलेले रिक्षावाले, भाजीवाल्या डोळे पुसत होत्या. मी स्वतः नट वगैरे नाही. शाळेत असताना त्या स्टेजवर भालदार म्हणून उभा राहिलोय, एकच वाक्य होतं, ते आजही पाठ आहे. आता नाट्यगृह होतं तसंच्या तसं परत उभं करायचं चाललंय. ‘तसंच्या तसं’ म्हणजे नक्की कसं, यावर कोल्हापुरात दोन मतं नाहीत, दोन हजार आहेत.

फडके रोड

डोंबिवली. हसा, हसून घ्या.

आमच्याकडे किल्ला नाही, लेणी नाहीत, समुद्र नाही. आमच्याकडे एक रस्ता आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून, आधी गणेश मंदिरात आणि मग फडके रोडवर. काय करायचं तिथे? काही नाही. उभं राहायचं. शाळेतले, कॉलेजातले, ऑफिसातले, अमेरिकेतून सुट्टीवर आलेले, सगळे तिथेच भेटतात. पत्रिका जुळायच्या आधीची कित्येक स्थळं या रस्त्यावर जुळली आहेत, घरचंच उदाहरण आहे, जास्त लिहीत नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आता गावोगावी निघते, तिची सुरुवात 1999 साली आमच्या गणेश मंदिरानेच केली, हे लक्षात असू द्या. बाकी तीनशे चौसष्ट दिवस या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि आम्ही त्याला शिव्याच घालतो.

जटपुरा

चंद्रपूरचं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी बोलतात, ताडोबाचा वाघ आणि उन्हाळ्याचा पारा. अरे, आमचं अख्खं जुनं शहर गोंड राजांच्या परकोटात बसलंय! खांडक्या बल्लाळशाहच्या काळात पायाभरणी झाली, पुढच्या राजांनी काम पुरं केलं. सुमारे 11 किलोमीटरची दगडी भिंत. चार दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर. आणि पाच खिडक्या. खिडकी म्हणजे भिंतीतला लहान दरवाजा, माणूस जाईल एवढा. नावं ऐका: हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, मसाण खिडकी, बगड खिडकी. कोणत्या खिडकीतून कोण जात असेल हे वेगळं सांगायला नको.

जटपुरा गेटातून मी रोज कामाला जातो. दरवाजा बांधला हत्ती-घोड्यांच्या हिशेबाने, आता त्यातून स्कूलबस, ऑटो, बुलेट सगळंच घुसते. संध्याकाळी सहाला तिथं अडकलं की माणूस गोंड राजापासून वाहतूक पोलिसापर्यंत सगळ्यांचा उद्धार करते. दरवर्षी कोणीतरी म्हणते की बाजूनं भिंत फोडून रस्ता काढा. तेव्हा मात्र तेच अडकलेले लोक भडकतात. त्या ताटकळण्यात एकदा मान वर करून बघा. कमानीच्या दोन्ही बाजूंना हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलाय, ते गोंड राज्याचं चिन्ह.

मधल्या काळात भिंतीवर झाडं उगवली होती, बुरुज कचऱ्यानं भरले होते. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी भल्या पहाटे फावडी-घमेली घेऊन भिंत साफ करायला घेतली. मी लांबूनच बघायचो, मग एका रविवारी गेलो. एका बुरुजावरची झुडपं काढल्यावर खाली चक्क दगडी पायऱ्या निघाल्या. त्याच गल्लीत जन्मलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

सीताबर्डी

@जटपुरा, तुमच्या गावाचं नाव आमच्या नागपूरच्या झिरो माइलवर आहे, माहीत आहे ना? चार घोड्यांचे पुतळे, बाजूला वालुकाश्माचा खांब, त्यावर गावांची नावं आणि मैलांत अंतरं. चंद्रपूर तिथे ‘चांदा’ म्हणून आहे. शेजारचा सर्वेक्षणाचा दगड 1907 चा. ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असं प्रत्येक नागपूरकर पाहुण्याला सांगतो. फाळणीनंतर नकाशा बदलला, मध्य सरकला, हे आम्हालाही कळते. तरी सांगतो. पुढचाही सांगणार.

जटपुरा

मैल बरोबर असतील तर ठीक आहे.

मेहकरवाला

लोणार.

बाहेरचे लोक काठावर येतात, फोटो काढतात, ‘वॉव’ म्हणतात, निघतात. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर, उल्का आदळून झालेलं, तेही बेसाल्टच्या खडकात. जगात अशी उदाहरणं फार थोडी. आमच्या शाळेत वय 50 हजार वर्षं शिकवलं, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या तपासणीत ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर, लवणासुराला मारून फार काळ लोटला. तिच्या लेखी तो खड्डा म्हणजे लवणासुराची गुहा, आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर हा त्याचा पुरावा. मी दोन्ही गोष्टी पाहुण्यांना सांगतो, आवडेल ती घेऊन जा.

आमची मजा वेगळी होती. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढायचं, दोरीला बांधायचं आणि खाली तळ्याकाठच्या मातीतून ओढत चालायचं. काळे कण चिकटून चुंबकाला मिशा फुटायच्या. ज्याच्या मिशा मोठ्या तो जिंकला. तळ्याचं पाणी खारट आणि साबणासारखं बुळबुळीत, आणि वर काठावर गोमुखाची धार गोड्या पाण्याची. दोन्हींत थोडंसं अंतर. ही गोष्ट मला आजही उल्केपेक्षा भारी वाटते.

जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लॉकडाऊन होतं. जगभरातल्या पेपरात आमचं तळं आणि आम्ही पंचवीस किलोमीटरवर घरात बसून टीव्हीवर बघतोय! पाण्याचा खारटपणा वाढल्यावर पोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं शास्त्रज्ञांनी नंतर सांगितलं. त्याच वर्षी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागलं. फलक लागला. उतरायच्या वाटेवर अजून वेफर्सची पाकिटं दिसतात, आणि ती टाकणारे सगळेच काही बाहेरगावचे नसतात, हेही लिहून टाकतो.

मांडवी

बडोद्याहून. आमच्या चार पिढ्या इथे झाल्या, घरात मराठी, दारात गुजराती, हिशेब दोन्हींत.

लक्ष्मी विलास राजवाडा सगळे बघतात. मी पाहुण्यांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत नेते. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं, त्याचं हे मुख्य ठिकाण. इथल्या पुस्तकांच्या मजल्यांना लाद्या काचेच्या आहेत! जाड, दुधी काच. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खाली त्याच्या चपलांची सावली सरकताना दिसते. उजेड खालपर्यंत पोचावा आणि आगीची भीती नको म्हणून काच आणि पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या. माझ्या लहानपणी साडी नेसून त्या काचेवर जायला आई बिचकायची, बाबा खालून ‘काही दिसत नाही गं’ म्हणून ओरडायचे आणि ग्रंथपाल दोघांना गप्प करायचे. मराठी विभागात जुन्या बांधणीची पुस्तकं आहेत. माझ्या मुलाला मराठी अक्षर लावता आलं ते तिथल्या बाकावर.

बोरीकाठ

वर मोठमोठी गावं आली, म्हणून नळदुर्गाचं लिहायला जरा अवघडल्यासारखं होतंय. धाराशिव जिल्हा, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. बोरी नदी किल्ल्यात वळवून घेतलीय आणि तिच्यावर दगडी बंधारा. त्या बंधाऱ्याच्या पोटात खोली आहे, तो पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, 1613 चा. पाणी चढलं की बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात, त्यांना आम्ही नर आणि मादी म्हणतो. ते सुरू असताना महालाच्या सज्जात उभं राहायचं. समोर पाण्याचा पडदा, आवाजानं शेजारच्याचं बोलणं कळत नाही, आणि अंगावर शिंतोड्यापलीकडे काही नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यानं हे कसं जमवलं याचा विचार करत माझे इंजिनिअर मेहुणे तिथं इतका वेळ थांबले की बहिणीनं त्यांना सोडून गाडी काढली होती.

फोंतेन्यास

पणजी. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, 1945 चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला. दोन्ही हात पुढे केलेला पाद्री आणि त्याच्यासमोर कोसळणारी बाई. रात्री नदीकडून येताना अचानक समोर आला की नवखा माणूस दचकतोच. फारिया कांदोळीचा, पॅरिसला जाऊन संमोहनावर व्याख्यानं देणारा. पण आमच्या घरी सांगतात ती गोष्ट त्याच्या तरुणपणची. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि जीभ वळेना. तेव्हा बाप खालून कोकणीत पुटपुटला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ पोरगा सुटलाच मग. माझ्या पहिल्या मुलाखतीच्या दिवशी बाबांनी फोनवर दुसरं काही सांगितलं नाही, एवढंच वाक्य म्हणाले.

कृष्णाकाठ

मजा आली वाचून. @बोरीकाठ, अवघडायचं काय त्यात, सगळ्यात आधी तुमच्याकडेच यायचं ठरतंय. नर-मादी नक्की कधी वाहतात? जुलैत चालेल का?

बोरीकाठ

जुलैत नको, बहुतेक कोरडा बघून परत जाल. धरण भरल्यावरच मजा, म्हणजे पाऊस चांगला असेल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर. रविवार टाळा. बूट घालून या, महालाच्या पायऱ्यांना शेवाळ असतं. उपळ्या बुरुजावर चढायचं असेल तर सकाळीच, दुपारी दगड तापतो. आणि निघताना इथे टाका, पाणी आहे की नाही ते बघून सांगतो.