नेटवर्क मार्केटिंगमध्ये आयडी घेण्याआधी प्लॅन कसा तपासायचा?

चौकस_वाचक
एका नेटवर्क मार्केटिंग कंपनीत जॉइन होण्याचा प्रस्ताव आला आहे. बायनरी प्लॅन आहे, म्हणजे प्रत्येकाखाली डावा आणि उजवा असे दोनच पाय (शाखा). सुरुवातीला किट घ्यायचं आणि आयडी (वितरक म्हणून नोंदणी) ॲक्टिव्ह ठेवायला दर महिन्याला १०० पीव्हीचा (कंपनीने मालाला दिलेले गुण) माल स्वतः उचलायचा. "दोनच माणसं जोडा, बाकी टीम बघून घेते" असं सांगितलं जातंय. जॉइन व्हावं की नाही ते माझं मी ठरवेन. कोणते कागद मागायचे, त्यात काय बघायचं आणि हिशेब कसा मांडायचा, एवढं जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड
प्लॅनची पूर्ण पीडीएफ मागा. स्लाइड्सवर फक्त कमाईची पानं असतात, अटी पीडीएफमध्ये सापडतात. "ती जॉइन झाल्यावर मिळेल" असं उत्तर आलं, तर पुढचं वाचायची गरज नाही.

पीडीएफमध्ये पहिल्यांदा बघा की कमिशन किमतीवर आहे की बीव्हीवर (कमिशन मोजायला कंपनीने मालाला दिलेला आकडा). समजा १००० किमतीच्या मालाला ६०० बीव्ही दिले आहेत आणि कमिशन "१० टक्के" आहे. म्हणजे हातात येणार ६०, मूळ किमतीच्या ६ टक्केच.

आता पदरमोड काढा. दरमहा ३००० चा माल घ्यावा लागतो असं धरू. त्यातलं जे तुम्ही एरवीही घेतलं असतं, ते बाजारात १२०० ला मिळत असेल, तर उरलेले १८०० हा धंद्याचा खर्च. ६ टक्क्यांनी १८०० भरून निघायला डाउनलाइनने (तुमच्याखाली जोडलेल्या माणसांनी) महिन्याला ३०,००० ची खरेदी करायला हवी, म्हणजे प्रत्येकी ३००० घेणारी दहा माणसं. एवढं जमलं तरी तुम्ही शून्यावर. मीटिंगची तिकिटं, प्रवास, फोन, सॅम्पल हे सगळं वेगळं.

ही दहा माणसं टिकतही नाहीत. महिन्याला ५ टक्के गळती धरली तर वर्षाअखेर दहातली साधारण साडेपाच उरतात. दहा कायम ठेवायला वर्षाला सहा नवी माणसं आणावी लागतात, तीही फक्त शून्यावर राहण्यासाठी. आणि त्या दहाजणांपैकी प्रत्येकाला हेच गणित लागू आहे.

नियमावली
वरच्या हिशेबात भर. तीन कागद मागा: वितरक करार, परतीचं धोरण आणि उत्पन्नाचं विवरण.

उत्पन्नाच्या विवरणात सरासरी बघू नका, मध्यक (सगळ्यांना क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या माणसाचा आकडा) बघा. वरची पाचपंचवीस माणसं सरासरी कुठल्या कुठे नेतात. मग तळटीप वाचा, कारण खरी मेख तिथेच असते. "ॲक्टिव्ह" कोणाला म्हटलंय? बऱ्याचदा एक पैसाही न मिळालेल्यांना आधीच वगळलेलं असतं. आकडा महिन्याचा की वर्षाचा? खर्च वजा केलाय का? शक्यतो केलेला नसतो.

परतीच्या धोरणात मुदत, किती टक्के रक्कम परत मिळते, फोडलेली पाकिटं चालतात का, वाहतूक खर्च कोणाचा आणि आधी दिलेलं कमिशन कापून घेतात का, हे बघा. किटचा परतावा वेगळ्या कलमात असतो. खाण्यापिण्याच्या किंवा लावायच्या वस्तूंची एक्स्पायरी परतीच्या मुदतीच्या आधी येत असेल, तर ती मुदत कागदावरच राहते.

करारात "कंपनी प्लॅन कधीही बदलू शकते" हे कलम जवळपास नक्की सापडेल. त्यापुढे पूर्वसूचना किती दिवसांची, ते बघा.

कायदेशीर कसोटी जुनी आहे. अमेरिकेत १९७५ च्या कॉस्कॉट कंपनीच्या प्रकरणात असं ठरलं, की पैसे भरून माल विकण्याचा हक्क मिळतो आणि त्याबरोबर, अंतिम ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसलेला, माणसं भरती केल्याचा मोबदलाही मिळतो, ती पिरॅमिड योजना. १९७९ मध्ये ॲमवे कंपनी त्या आरोपातून सुटली, ती माल परत घेण्याचा, घेतलेला ७० टक्के माल विकण्याचा आणि महिन्याला दहा किरकोळ ग्राहकांना विक्री करण्याचा असे नियम तिच्याकडे होते आणि ते पाळले जात होते म्हणून. तुमच्या कंपनीला विचारा की असे नियम आहेत का, आणि ते तपासतं कोण.

फुटकळ
कागद राहू द्या बाजूला. जॉइन होण्यात अजिबात रस नसलेली पाच माणसं हा माल छापील किमतीला दोनदा घेतील का? पहिली ऑर्डर भिडेखातर निघते, तिला मोजू नका.

मधला_मार्ग
मला एवढं टोकाचं वाटत नाही. वस्तू खरंच आवडत असेल तर काही कंपन्या नुसत्या ग्राहकाचा आयडी देतात. सवलत मिळते आणि दरमहाची अट नसते. तो मागून बघा. देत नसतील, तर कंपनीला ग्राहक हवेत की वितरक, याचं उत्तर मिळालंच.

चौकस_वाचक
आभार. एक शंका: अपलाइन (मला जोडू पाहणारे वरचे लोक) म्हणतात, "तुमचा एक पाय आम्हीच भरून देतो, स्पिलओव्हर येईल", म्हणजे त्यांनी आणलेली माणसं माझ्याखाली लागतील. मग अर्धं काम झालंच ना?

आकडेमोड
नाही. बायनरीत पैसे कमजोर पायावर मिळतात. डावीकडे ४००० बीव्ही आणि उजवीकडे ३००, तर मोजले जाणार ३००. अपलाइन स्वतःच्या बाहेरच्या पायात माणसं लावत जातो, ती एकाखाली एक तुमच्या एकाच बाजूला येतात. दुसरी बाजू तुम्हालाच उभी करायची असते आणि तीच अवघड.

डावीकडे उरलेल्या ३७०० चं काय होतं, ते "कॅरी फॉरवर्ड" आणि "फ्लश" या शब्दांखाली शोधा. काही प्लॅनमध्ये ते पुढे जातात, काहींत आठवड्याच्या शेवटी रद्द होतात, आणि दिवसाला ठरावीक पेअरच्या (डाव्या-उजव्या बीव्हीच्या जोड्यांच्या) वरचं कॅपिंगमध्ये, म्हणजे कमाल मर्यादेमुळे, जातं. महिन्याची स्वतःची खरेदी चुकली तर साठलेलं सगळं शून्य होतं का, हेही बघा. महिनाअखेरीस लोक घरच्यांच्या नावावर आयडी लावून नको असलेला माल उचलतात, ते बहुधा याच कलमाच्या धाकाने.

आणखी एक. पूर्ण भरलेल्या रचनेतही बायनरीत जवळपास निम्मी माणसं सगळ्यात खालच्या पातळीवर असतात आणि त्यांच्याखाली कोणी नसतं. प्रत्येकाने पाच जोडायचे असतील तर असे ८० टक्के होतात. टीम वाढली तरी हे प्रमाण बदलत नाही.

नियमावली
स्पिलओव्हरचं आश्वासन ईमेलवर लिहून मागा. प्लॅनच्या पीडीएफमध्ये ते बहुतेक नसतंच, आणि करारात सहसा "लेखी नसलेली आश्वासनं कंपनीवर बंधनकारक नाहीत" असंही एक कलम असतं.