बोलताना ‘कॉल्ड ऑफ’ म्हणायचं की ‘कॅन्सल्ड’वर भागवायचं?

काना_मात्रा

माझं मत आधीच सांगते. रोजच्या इंग्रजीत कर्मणी (पॅसिव्ह) रूपातली फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे ‘कॉल ऑफ’सारखी छोटा शब्द जोडून होणारी क्रियापदं, टाळून भागत नाही, आणि ती आपल्याला शिकवतात ती पद्धतच चुकीची आहे. एका धड्यात फ्रेझल व्हर्ब्जची यादी पाठ करून घेतात, दुसऱ्या धड्यात ‘पॅसिव्ह करा’ म्हणून वाक्यं घोटून घेतात. दोन्ही एकाच वाक्यात आली की काय करायचं, ते शिकणाऱ्यावर सोडून देतात. कानावर तर सतत तीच वाक्यं पडतात. ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलली, ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे रद्दच झाली. ‘माय ॲप्लिकेशन वॉज टर्न्ड डाउन’ म्हणजे अर्ज नाकारला. ‘शी वॉज ब्रॉट अप बाय हर ग्रँडमदर’ म्हणजे तिला आजीने वाढवलं. यात भारदस्त काहीच नाही, अगदी घरगुती बोलणं आहे.

उशिरा पोचल्यावर ‘सॉरी, आय वॉज हेल्ड अप’ एवढं म्हटलं की पुरतं. ‘आय ॲम लेट’मध्ये नुसता उशीर कळतो. ‘हेल्ड अप’मध्ये माझा इलाज नव्हता हेही येतं, आणि कुणी, कशाने अडकवलं ही कहाणी सांगावी लागत नाही. शिकणाऱ्याने ही रूपं मुद्दाम, जाणूनबुजून वापरावीत असं मला वाटतं. विरोध असेल तर उदाहरणं देऊन करा.

सरळवाट

विरोध आहे. ऐकल्यावर समजायला हवीत, इथपर्यंत मान्य. वापरायची कशाला? ‘पोस्टपोन्ड’, ‘कॅन्सल्ड’, ‘रिजेक्टेड’ हे शब्द कुठेही कळतात. समोरच्याचीही इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा असेल, तर ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल्ड ऑफ’मध्ये गल्लत झाली की एक जण नव्या तारखेची वाट बघत बसणार आणि दुसरा विषय सोडून देणार.

शिवाय एक आकडा बघा. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीवर आधारलेलं मोठं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्यात संभाषणातल्या क्रियापदांपैकी कर्मणी रूपं जेमतेम २ टक्के निघाली, विद्वत्तापूर्ण लेखनात २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बोलताना लोक सरळ ‘दे कॉल्ड इट ऑफ’ म्हणून मोकळे होतात.

काना_मात्रा

हे २ टक्के एकूण क्रियापदांतले आहेत. बोलण्यात असणे, जाणे, वाटणे, येणे अशा क्रियापदांचीच गर्दी असते, आणि त्यातल्या बहुतेकांचं कर्मणी होतच नाही. त्यामुळे टक्का खाली येणारच. त्यावरून ‘वॉज लेड ऑफ’ कुणी बोलत नाही असं कसं म्हणता येईल? नोकरी गेलेला माणूस ‘दे लेड मी ऑफ’पेक्षा ‘आय वॉज लेड ऑफ’ सहज म्हणतो, कारण गोष्ट त्याची आहे, कंपनीची नाही.

आणि प्रत्येकाला एकशब्दी पर्याय असतो हेही खरं नाही. ‘आय फील लेट डाउन’साठी ‘डिसअपॉइंटेड’ वापरून बघा. डिसअपॉइंटेड व्हायला खराब हवासुद्धा पुरते. ‘लेट डाउन’ व्हायला आपण विसंबून होतो असा कुणीतरी लागतो.

तळटीप

वापरायचं की नाही हे नंतर ठरवा, आधी आपण अडखळतो कुठे ते बघू. ‘दे लाफ्ड ॲट हिम’ सगळ्यांना जमतं. त्याचं कर्मणी करायला सांगितलं की पुष्कळ जण ‘ही वॉज लाफ्ड’ म्हणून थांबतात. ‘ॲट’ गळून पडतो. याचं कारण आपल्या मराठीत आहे. ‘त्याला हसले’ मधला ‘ला’ किंवा ‘त्याच्याकडे पाहिलं’ मधला ‘कडे’ नामाला चिकटलेला असतो. नाम वाक्यात कुठेही हलवा, तो त्याच्याबरोबर जातो. इंग्रजीत नाम वाक्याच्या सुरुवातीला निघून जातं आणि ‘ॲट’ क्रियापदापाशीच राहतो. आपल्या कानाला ते वाक्य अधांतरी वाटतं, म्हणून आपण तो शब्द काढून टाकतो.

मग ‘इट विल बी टेकन केअर’ होतं, शेवटचा ‘ऑव्ह’ जातो. ‘द मॅटर विल बी लुक्ड’ होतं, ‘इंटू’ जातो (‘लुक इंटू’ म्हणजे चौकशी करणे). हे नुसतं अशुद्ध राहत नाही, कधीकधी अर्थच बदलतो. ‘द हाऊस वॉज ब्रोकन इंटू’ म्हणजे घरफोडी झाली. ‘इंटू’ काढलात तर घरच मोडून पडलं! तीन शब्दांचं क्रियापद असेल तर दोन्ही शेपट्या सांभाळाव्या लागतात: ‘इट कान्ट बी पुट अप विथ’, म्हणजे हे सहन करता येणार नाही. आणि ‘बाय’ने कर्ता सांगायचा असेल तर तो या सगळ्यांच्या मागे: ‘ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन’. अवघड जातं ते कानाला.

उच्चारातही फरक आहे. ‘कॉल्ड ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो आणि दोन्ही शब्द जोडून ‘कॉल्डॉफ’ असे कानावर येतात. ‘लाफ्ड ॲट’मध्ये जोर ‘लाफ्ड’वर असतो.

पाचवा_बाक

क्रिकेटवाल्यांनी यातली निम्मी शिकवणी फुकटात घेतली आहे. ‘द मॅच वॉज रेन्ड ऑफ’, पावसाने सामना वाया गेला. याचं कर्तरी रूप वापरातच नाही, शिकायचं तर कर्मणीच शिकावं लागतं. ‘ही वॉज रन आउट’, धावबाद, हेही कर्मणी. पण ‘वी हॅव रन आउट ऑव्ह टाइम’ मात्र कर्तरी, वेळ संपला. तिथे ‘टाइम वॉज रन आउट’ म्हणता येत नाही.

यावरून आठवलं, ज्यांना कर्मच नाही त्यांनाही लोक ‘वॉज’ जोडतात: ‘आय वॉज ग्रोन अप इन अ व्हिलेज’, ‘द कार वॉज ब्रोकन डाउन’, ‘ही वॉज पास्ड अवे’. ‘ग्रू अप’, ‘ब्रोक डाउन’, ‘पास्ड अवे’ एवढंच हवं. ‘वॉज’ हवाच असेल तर ‘ब्रॉट अप’ म्हणा, कारण वाढवणारं कुणीतरी असतं.

सरळवाट

तळटीप यांचं विवेचन पटलं, पण त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. एवढे खड्डे असतील तर नवख्याने त्या रस्त्याने जावंच का? ‘ब्रोकन इंटू’ अडतं? ‘थीव्ह्ज ब्रोक इंटू द हाऊस’ म्हणा. शब्द तेच, क्रम सोपा, चूक व्हायची भीती नाही.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. ‘युअर कंप्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू’ हे वाक्य तक्रार केलेल्या प्रत्येकाने वाचलं असेल. कोण बघतंय? कधीपर्यंत? नाव नाही, तारीख नाही. काना_मात्रा यांना ‘हेल्ड अप’मध्ये जी सोय दिसते, तीच इथे जबाबदारी झटकायला कामी येते.

काना_मात्रा

ती जबाबदारी ‘इज बीइंग इन्व्हेस्टिगेटेड’ लिहूनही तितकीच झटकता येते. दोष कर्ता लपवण्याचा आहे, ‘लुक्ड इंटू’ने काय घोडं मारलंय? कर्ता महत्त्वाचा असेल तिथे तो सांगायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही.

पण घरफोडीच्या उदाहरणात तुम्ही ‘थीव्ह्ज’ आणलेत. घरी आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं, तर पहिलं वाक्य घराबद्दल येणार. चोर कोण, किती, काहीच माहीत नाही. तेव्हा ‘अवर हाऊस हॅज बीन ब्रोकन इंटू’ हेच तोंडी येतं, आणि पोलिसांना फोन करतानाही हेच सांगावं लागतं. त्या घाईत ‘इंटू’ विसरायला नको असेल तर आधीपासून जिभेवर बसलेला हवा.

सरळवाट

फोनचं उदाहरण मान्य, तेवढी पाच-दहा वाक्यं तयार ठेवावीत. लेखी उत्तराबाबत मात्र मी हटणार नाही. माझ्या हाताखाली कुणी पत्र लिहीत असेल तर ‘आय ॲम लुकिंग इंटू इट ॲंड विल राइट टू यू बाय फ्रायडे’ असंच लिहायला लावीन.