बाजू बदलली की चिन्ह बदलतं, पण कशामुळे?

एकांनी लिहिलंय की आठवीच्या पोरांकडून ‘बाजू बदलली की चिन्ह बदला’ (म्हणजे संख्या = च्या पलीकडे नेली की अधिकचं उणे, उण्याचं अधिक) एवढं घोकून घेतलं की समीकरणं सुटतात. सुटतात हो, पहिल्या धड्यापुरती. मी नागपुरात शिकवण्या घेतो. ३क्ष = १२ दिलं की कोणीतरी हमखास क्ष = १२ − ३ = ९ लिहितं. नियम तर इमानदारीनं पाळला! ३ आणि क्षमध्ये गुणाकार लपलाय, हे त्याला कोणी दाखवलंच नाही.

म्हणून मी पहिले काही दिवस बाजू बदलूच देत नाही. कॉटन मार्केटात तीन डझन संत्री घेतली, वर १० रुपयांची पिशवी, एकूण २५० झाले. ३क्ष + १० = २५०. दोन्हीकडून १० वजा, ३क्ष = २४०. दोन्हीकडे ३ ने भाग, क्ष = ८०. मग ८० परत मूळ समीकरणात टाकून बघायचं. याचा पोरांना जाम कंटाळा येतो, पण सवय लावाच.

इथेच दुसरी गोची. ‘क्ष म्हणजे काय?’ विचारलं की अर्धा वर्ग म्हणतो, ‘संत्री, सर’. क्ष म्हणजे एका डझनाचा भाव, एक संख्या. हे वहीत आधी पूर्ण वाक्यात लिहायला लावा, शाब्दिक उदाहरणांची निम्मी भीती तिथंच जाते.

कंसाबाहेरच्या उणे चिन्हाचं मात्र सरळ पाठ करून घ्या: −(क्ष − ४) = −क्ष + ४. कारण नंतर सांगितलं तरी चालतं.