६०,००० कोटींच्या आयटीआय सुधारणेत चाळिशीतला हेल्पर कुठे बसतो?

वाळूजकर (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआयच्या दर्जावाढीची मोठी योजना मंजूर केली आणि ऑक्टोबरमध्ये ती पीएम-सेतू या नावाने सुरू झाली. देशातल्या १,००० सरकारी आयटीआय, त्यांतल्या २०० मुख्य आणि ८०० त्यांना जोडलेल्या. खर्च ६०,००० कोटी: केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,०००. कारभार उद्योगांच्या पुढाकाराने चालणाऱ्या स्वतंत्र कंपनीकडे. नवी यंत्रं, नवे अभ्यासक्रम, निदेशकांचं (शिकवणाऱ्यांचं) प्रशिक्षण, सगळं त्यात आहे. माझं म्हणणं एवढंच, की महाराष्ट्रातल्या ज्या संस्थांना हा पैसा मिळेल त्यांना आधी एक अट घाला: कामाचे तास सोडून भरणारी, पूर्ण ट्रेडची (वेल्डर, वायरमन असा पूर्ण अभ्यासक्रम) एक बॅच, फक्त नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी.

मी फॅब्रिकेशनच्या शॉपवर सुपरवायझर आहे. आमच्याकडे ठेकेदाराकडून आलेला एक माणूस आहे, वय चाळिशीकडे झुकलेलं. त्याने मारलेली बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, बघत राहावी अशी. शाळा सहावीत सुटली. ड्रॉइंग हातात दिलं की तो शेजारच्या पोराला विचारतो, कारण ड्रॉइंगवरच्या बाणाला जोडलेल्या रेषेच्या खाली त्रिकोण आहे की वर, यावरून वेल्ड बाणाच्या बाजूला मारायचा की पलीकडे हे ठरतं आणि ते त्याला कुणी कधी शिकवलंच नाही. एकदा सांगितलं की जॉब परत येत नाही. शेजारच्या पोराला ग्राइंडर मारून निम्मी बीड काढावी लागते, पण त्याच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, म्हणून तो कुशल. हा हजेरीपत्रकावर हेल्पर, म्हणजे किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल. वर्षानुवर्षं.

कुणी म्हणेल, आयटीआयला कमाल वयाची अट नाही, घेऊ दे प्रवेश. नियमात नाही हे खरंच. पण वर्ग दिवसा, हजेरी ८० टक्के आणि वेल्डरचा ट्रेड वर्षभराचा. एक खाडा झाला तरी त्याच्या घरी हिशोब कोलमडतो, तो वर्षभर रोज कसा जाणार? आपल्या राज्यात प्रशिक्षणार्थ्याचं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना ४० रुपये होतं, आता कुठे ५०० झालं. एकटा पोरगा असेल तर बसचा पास निघेल, घर नाही चालणार.

शिवाय पात्रता. वेल्डर आणि वायरमनला आठवी पास लागते. सहावीवाल्याने काय करायचं? केंद्राचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७, वय १५ च्या पुढच्या सगळ्यांसाठी, आणि त्याच्या पाच घटकांत व्यावसायिक कौशल्यसुद्धा लिहिलेलं आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी-आठवीची परीक्षा बाहेरून देता येते. दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म आहे. म्हणजे पायऱ्या सगळ्या आहेत, पण निम्म्या शालेय शिक्षण विभागात आणि निम्म्या कौशल्य विभागात. त्या माणसाला या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन जाणारं एकही खातं नाही. सुधारणा करायची तर ती इथे करा.

भोसरीचा_वर्कशॉपवाला

असहमत. माझं छोटं युनिट आहे, सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं. आयटीआयतून येणारा पोरगा जुन्या लेथवर घासून येतो, त्याला यंत्रात ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) कसा भरायचा हे इथे पहिल्यापासून शिकवावं लागतं. आधी यंत्रं बदला, अभ्यासक्रम बदला, उद्योगाला कारभारात घ्या. सरकार पहिल्यांदा योग्य दिशेने चाललंय आणि आपण लगेच "आमच्या माणसाचं काय" म्हणून अडवतो.

दुसरं, तुमची मागणी पुरी झालेलीच आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाच्या कार्यक्रमातच राज्याच्या अल्पमुदतीच्या वर्गांचं उद्घाटन झालं. ४०० सरकारी आयटीआय, १५० तंत्र शाळा, २,५०० बॅच. सोलर, ईव्ही, काय हवं ते.

आणि कडू लागेल पण बोलतो. मी माझ्या माणसांची फी भरून संध्याकाळच्या कोर्सला पाठवलं आहे. दिवाळीपर्यंत जातात, मग ओटी (ओव्हरटाइम) लागला की बंद. ज्याने पूर्ण केला तो चाकणला दोन पैसे जास्त मिळाले म्हणून निघून गेला. सतरा वर्षांच्या मुलावर खर्च केला तर तो पुढे चाळीस वर्षं काम करतो. पैसा मोजका असेल तर तो कुठे लावायचा हे कठोरपणे ठरवावंच लागेल.

वाळूजकर

अल्पमुदतीचे वर्ग चांगलेच आहेत, त्याला माझा विरोध नाही. पण ट्रेड सर्टिफिकेटचं वजन वेगळं. थोड्या दिवसांच्या कोर्सचा कागद घेऊन ठेकेदाराकडे गेलात तर तो हेल्परचा वेल्डर करत नाही. आधीपासून येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य योजनेत झाली. काही तासांची ओळख, मग चाचणी. ड्रॉइंग वाचायला त्याने कुठे शिकायचं?

आणि माणूस सोडून जातो याचा दोष शिक्षणाला का देता? चाकणला दोन पैसे जास्त मिळाले याचा अर्थ त्याचं काम तेवढ्या मोलाचं झालं होतं.

शिल्पनिदेशक_विदर्भ

तुम्ही दोघंही ज्या इमारतीबद्दल बोलताय तिथे मी रोज उभा असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

उद्योगांच्या हाती कारभार ही नवी गोष्ट नाही. २००७-०८ पासून १,३९६ सरकारी आयटीआय खासगी भागीदारीत घेतल्या होत्या. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज, अध्यक्ष उद्योगातला. त्यातली मोठी रक्कम बीजभांडवल म्हणून मुदत ठेवीत ठेवायची मुभाच होती. समितीच्या बैठकीला चहा घेऊन सही करून जाणारे उद्योगपती मी पाहिले आहेत आणि रविवारी येऊन स्वतः पोरांना शिकवणारेही एक-दोन पाहिले आहेत. योजनेने माणूस बदलत नाही. आता कंपनी केली तर ती तिला हवे तेवढेच ट्रेड चालवेल. आमच्या तालुक्यात मोटार दुरुस्ती, पंप, वायरिंग याला काम आहे. मोठ्या कंपनीला त्यात रस असायचं कारण नाही, मग तो ट्रेड बंद पडला तर पोरगं जाणार कुठे?

यंत्रांचं म्हणाल, तर यंत्र येतं, फित कापली जाते. पुढे देखभालीचा करार संपतो, सुट्या भागाचं इंडेंट (मागणीपत्र) जातं आणि त्यावर ताडपत्री पडते. वेल्डिंग शॉपमध्ये खरी अडचण रॉड आणि प्लेटची. हात बसायला रोज भरपूर रॉड जळले पाहिजेत. कच्च्या मालाच्या तुटपुंज्या अनुदानात पोरांच्या वाट्याला मोजून येतात, मग ती एकाच प्लेटच्या दोन्ही बाजूंनी, कापून पुन्हा, असं करत राहतात. जागा रिक्त, म्हणून तासिका तत्त्वावरचे निदेशक. त्यांना सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील का याची खात्री नाही.

अशा अवस्थेत वाळूजकर म्हणतात संध्याकाळची बॅच काढा. दुसरी पाळी आमच्याकडे काही संस्थांत पूर्वीही चालायची, आजही चालते. कोण शिकवणार? दिवसभर पावर प्रेसवर उभा राहिलेला माणूस रात्री आठला ग्राइंडर हातात घेणार, त्याच्या बोटांची जबाबदारी कोणाची? मी विरोधात आहे, कारण माणूस आणि माल न देता काढलेली बॅच फक्त अहवालात भरते.

शिलाई_मशीन

संध्याकाळची बॅच म्हणजे बाप्यांची बॅच, हे कुणाच्या लक्षात आलं नाही का? सहा ते नऊ ही स्वयंपाकाची वेळ, पोरांच्या अभ्यासाची वेळ आणि आमच्याकडे शेवटची एसटी साडेसातला जाते. मी गारमेंट युनिटला पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे, असं काम करते. सुइंग टेक्नॉलॉजी शिकायची इच्छा आहे, कारण पॅटर्न काढणारीला आमच्यापेक्षा जास्त मिळतात. त्या २,५०० मध्ये फक्त महिलांच्या ३६४ बॅच असल्याचं वाचलं. चांगलं आहे. पण बॅच किती वाजता भरते यावर आमचं येणं ठरतं. अकरा ते दोन ठेवा आणि आवारात पाळणाघराची एक खोली द्या, बघा मग किती जणी येतात.

वरळी_नाका

सगळं नव्याने शोधायची गरज नाही. १९६७ साली आमच्या वरळीतच देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. गिरण्यांतल्या कामगाराला अक्षर, हिशोब, हातातलं कौशल्य आणि कायदा एकाच छपराखाली, त्याच्या पाळीनुसार, हीच कल्पना होती. त्यातूनच पुढे जन शिक्षण संस्थान झाली आणि २०१८ मध्ये ती शिक्षण खात्यातून कौशल्य खात्यात गेली. आता भर शिवण, ब्यूटी पार्लर असल्या कोर्सवर. अक्षराचा भाग मागे पडला. वाळूजकर म्हणतात ती फट तिथेच पडली असं माझं स्पष्ट मत आहे.

झेडपी_गुरुजी

उल्लासचे वर्ग मी घेतो, त्यामुळे त्या बाजूने. मानधन नाही, स्वयंसेवक म्हणून करायचं. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता आणि तो योग्यच होता. चौथीच्या वर्गाला टाळं लावून घरोघर फिरायचं का?

तरीही वर्ग चालतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक साठीच्या आसपासच्या बाया. परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान ५०-५०. मार्च २०२४ च्या परीक्षेला नातवाचा कंपास घेऊन आलेली आजी दोन तास मान वर न करता लिहीत होती. तिला वेल्डर व्हायचं नाही. तिला बचत गटाच्या वहीत स्वतःच्या नावापुढचा आकडा स्वतः वाचायचा आहे, पासबुकातली नोंद तपासायची आहे. प्रौढ शिक्षण रोजगाराला जुंपलं की पहिल्यांदा ही बाई यादीतून गळणार, कारण तिची प्लेसमेंट दाखवता येत नाही. म्हणून वाळूजकरांच्या "एका खात्याला" माझा ठाम विरोध. साक्षरता हा तिचा हक्क आहे, पुढे ती कारखान्यात जावो न जावो.

फोंडेकर

गुरुजींना पाठिंबा. ३० मे २०२५ ला आमचं गोवा पूर्ण साक्षर जाहीर झालं. अभिमान आहेच. आता ज्यांना नुकतं वाचता आलं त्यांच्यासाठी पुढचे वर्ग चालू राहिले पाहिजेत, यासाठी आम्ही पंचायतीत भांडतोय. वाचायला काही मिळालं नाही तर अक्षर जातं.

सिंगापूरवासी

इथली माहिती, निर्णय तुम्ही घ्या. पंचविशीनंतर प्रत्येक नागरिकाला शिकायला ५०० डॉलरचं खातं मिळतं, २०२४ पासून चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी ४,०००. आणि २०२५ पासून पूर्णवेळ कोर्ससाठी काम सोडणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाला त्याच्या सरासरी कमाईच्या निम्मा, महिना ३,००० डॉलरपर्यंत भत्ता. बुडालेल्या पगाराची भरपाई केल्याशिवाय मोठा माणूस शिकायला येत नाही हे त्यांनी मान्य केलं आहे.

भोसरीचा_वर्कशॉपवाला

सिंगापूरच्या तिजोरीची आणि आपली तुलना कशाला? इथे भत्ता शेवटी उद्योगाच्या गळ्यात येईल. एक तडजोड सुचवतो. मी माणसाला आठवड्यातून दोन दुपारी पगारी सोडतो, त्याने कोर्सनंतर दोन वर्षं माझ्याकडे राहायचं लिहून द्यावं.

वाळूजकर

लिहून घेणं मला मान्य नाही. ज्याला बारा-पंधरा वर्षं हेल्परच्या दरात राबवलं त्याच्याकडून आणखी दोन वर्षं कसली मागता? पण पगारी दुपार मान्य, मनापासून. राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणात १८ ते ३५ वयाच्या उमेदवारांना ६, ८ आणि १० हजार रुपये महिना दिले, तेही कारखान्यात आणि कार्यालयात शिकताना. म्हणजे तिजोरी उघडता येते. त्याच धर्तीवर पस्तिशीच्या पुढच्यांच्या त्या दोन दुपारींचा पगार सरकारने निम्मा उचलावा. शिलाईताईंची अकरा ते दोनची वेळही यात बसते.

गुरुजी, आजीचा वर्ग आजीसाठीच राहू दे, त्यावर प्लेसमेंटचा रकाना लादायला मीही विरोध करेन. मी त्या वर्गातून आठवीपर्यंत जायचं आहे त्याच्याबद्दल बोलतोय. त्याचा फॉर्म कोण भरून देणार, एवढं तरी कुणाच्या नावावर असायला हवं.

शिल्पनिदेशक_विदर्भ

दुपारची, पगारी आणि थकवा नसलेली बॅच असेल तर माझा सुरक्षेचा आक्षेप मागे. बाकीचे नाहीत. पीएम-सेतूचा करार होताना त्यात तीन गोष्टी लेखी हव्यात: या बॅचसाठी कायम निदेशकाची वेगळी मंजूर जागा, माणशी कच्च्या मालाची रक्कम, आणि स्थानिक गरजेचा ट्रेड कंपनीला परस्पर बंद करता येणार नाही ही तरतूद. आमच्या प्राचार्यांकडे प्रस्ताव मागवला आहे, त्यात हे टाकतोय. वाळूजकर, हजेरीपत्रकावर हेल्पर आणि प्रत्यक्षात वेल्डिंग करणारे तुमच्या वसाहतीत किती आहेत याची युनिटवार यादी करता येईल का? मागणी कागदावर दाखवल्याशिवाय तुकडी मंजूर होत नाही.

वाळूजकर

करतो. ठेकेदार देणार नाहीत, गेटवर उभं राहून करावी लागेल. भोसरीकर, तुमच्या युनिटपासून सुरुवात करू का?

भोसरीचा_वर्कशॉपवाला

या. लिहून घेण्यावर मात्र माझं मत तेच आहे, ते समोरासमोर बोलू.