सुट्टीतले सात दिवस : शिबिराला गेला होतात? अनुभव सांगा

लेक परवा कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला निघते आहे. मावळातलं गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम. सतरंजी, ताट-वाटी-पेला, टॉर्च, टोपी अशी यादी मिळाली आहे. पिशवी भरता भरता तिने विचारलं, "आई, सात दिवसांत आपण त्या गावाचं काय भलं करणार?" मला लगेच काही सांगता आलं नाही, म्हणून हा धागा.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, हा साचा आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. पण इथे फक्त तेवढंच नको. सुट्टीत कुठेही कामाला गेला असाल, परदेशात गेला असाल, तरी लिहा. काय केलंत, त्यातलं मागे काय उरलं आणि परत कधी गेलात का, एवढं मात्र जरूर सांगा.

सुरुवात माझ्यापासून. डिसेंबर १९९५, नगर जिल्हा. ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने पाऊण भरायच्या, तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत थर लावायचे. मधल्या फटींत चिकणमाती. गोण्या शिवायचं काम आम्हा मुलींकडे आलं होतं. आम्ही कार्यक्रम अधिकाऱ्यांशी भांडून फावडी घेतली, आणि मग मुलांनाही सुतळी-दाभण धरावं लागलं. सहाव्या दिवशी मागे गुडघाभर पाणी साठलं, तेव्हा सगळं गाव बघायला आलं. हा बंधारा पहिल्या मोठ्या पुरात वाहून जातो, तो दरवर्षी नव्याने घालायचा असतो. पुढच्या वर्षी आमचं कॉलेज दुसऱ्या गावाला गेलं. त्या ओढ्यावर पुन्हा कुणी गोण्या रचल्या की नाही, हे मी कधी विचारलं नाही. तीस वर्षं झाली, त्याचं वाईट वाटतं.

* * *

सोलापूर. दिवाळीची सुट्टी, १९९३

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लोक विसर्जन करून दमून झोपलेले. आम्ही पोचलो तोवर प्रेतं काढण्याचं काम संपलेलं होतं. पत्र्याच्या शेडांच्या रांगा उभ्या राहात होत्या. आम्हाला वाटलं होतं ढिगारे उपसू, खांब रोवू. पण माझं अक्षर चांगलं, म्हणून मला एका टेबलाशी बसवलं आणि अर्ज लिहायला दिले.

आठ दिवस मी अर्जच लिहिले. घर किती खणाचं होतं, जनावरं किती, घरातलं कोण गेलं. त्या भागातली घरं दगड-मातीची, दोन-दोन तीन-तीन फुटी जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच छप्पर अंगावर आलं होतं. एक आजोबा दगडाच्या भिंतीजवळ उभेसुद्धा राहात नसत. शेड मिळूनही थंडीत उघड्यावर झोपत.

एका बाईने सहा नावं सांगितली. सातव्याला थांबली. मी लेखणी धरून म्हटलं, "ताई, नाव?" ती म्हणाली, "बारसं व्हायचं हुतं." मी रकान्यात काय लिहिलं ते आता आठवत नाही. तिला वाट बघायला लावली नाही, एवढं आठवतं.

धाग्याचे मालक, तुमच्या लेकीला सांगा, गावात गेल्यावर फावडंच हातात येईल असं धरून चालू नका. तिथे ज्याची गरज असेल ते करायचं. मला ते टेबल पहिले दोन दिवस फार हलकं काम वाटलं होतं.

(नंतर मी भूकंपरोधक बांधकामाकडे वळलो. पण तो या धाग्याचा विषय नाही.)

* * *

कोथरूड, पुणे (धागाकर्ती)

मालक नाही, मालकीण! अनुभव वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. लिहिलंत, बरं केलंत.

* * *

नागपूर. मे १९८७

सोमनाथ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातला महारोगी सेवा समितीचा प्रकल्प. दर मे महिन्यात तिथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. मेचं ऊन, तेही चंद्रपूरचं, म्हणून पहाटे अंधारातच उठायचं आणि ऊन चढायच्या आत श्रमदान उरकायचं. दुपारी झाडाखाली चर्चा, रात्री गाणी.

बाबा आमटे बोलायचे ते उभ्याने किंवा पडून. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. नर्मदेकाठी जायच्या आधीची ही वर्षं. त्यांचं भाषण ऐकायला मी गेलो होतो हे खरं, पण शिकलो ते दुसऱ्याकडून. आमच्या गटाला बांध घालायचा होता. सोबत प्रकल्पातले एक काका, कुष्ठरोगातून बरे झालेले. दोन्ही हातांची बोटं आखूड. तासाभरात माझे तळवे फोडांनी भरले. ते जवळ आले, टिकाव घेतला आणि म्हणाले, "पोरा, टिकाव हातानं नाही चालत, कमरेनं चालते." मग संथ, एकाच लयीत त्यांनी चार हात लांबीचा चर काढून दाखवला.

घरून निघताना आईने "तिथलं पाणी पिऊ नको" असं बजावलं होतं. परत आल्यावर मी तिला शांतपणे समजावलं, की औषधोपचार पूर्ण झालेल्या माणसाकडून हा रोग पसरत नाही. तिला पटायला वेळ लागला. पुढच्या वर्षी मी धाकट्या बहिणीला सोबत नेलं आणि आईने स्वतः शिदोरी बांधून दिली, त्या काकांसाठीही.

* * *

मुंबई. मे २०१८

वॉटर कपच्या, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेच्या श्रमदानाला गेलो होतो. पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये तीन तालुके होते. २०१८ मध्ये ७५. स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवसांची. १ मे रोजी शहरांतून हजारो लोक गावोगावी गेले, त्यात आमचं कॉलेजही. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं एक गाव.

आमचं चुकलं ते लिहितो. सलग समतल चर खणायचे होते, दोन फूट रुंद, एक फूट खोल. चर समपातळीतच हवा, नाहीतर पाणी मुरायच्या ऐवजी एका टोकाला वाहून जातं आणि तिथून बांध फोडतं. गावातल्या लोकांनी फक्कीने आखून दिलेलं होतं. आम्ही उत्साहात पुढे खणत गेलो, रेघ संपली तरी. साडेदहाला ऊन असह्य झालं, फोटो काढले आणि बसमध्ये बसलो. निघताना दिसलं की ज्या बायका पहाटे पाचपासून खणत होत्या, त्याच आमचा वाकडा चर बुजवत होत्या.

मला बसमध्ये बसवेना. पुढच्या आठवड्यात परीक्षा संपली तसा परत गेलो, दोन मित्रांना घेऊन, आणि स्पर्धा संपेपर्यंत राहिलो. गावच्या एका ताईंनी पाण्याच्या नळीने पातळी कशी घ्यायची ते शिकवलं. पारदर्शक नळी, दोन काठ्या, दोन्हीकडे पाणी एकाच खुणेला आलं की जमीन समपातळीत. अगदी सोपं आहे, पण दोघांनी एकमेकांचं ऐकावं लागतं. रात्री टेंभे लावूनही काम चाले. गावाला बक्षीस मिळालं नाही. त्या वर्षी पहिला नंबर माणमधल्याच टाकेवाडीचा आला. आमच्या ताईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "पाऊस काय नंबर बघून पडतोय व्हय?"

* * *

कोलंबस, ओहायो. मार्च २००७

परदेशातलंही लिहा म्हणालात म्हणून. अमेरिकेत मार्चमध्ये कॉलेजांना आठवडाभर वसंताची सुट्टी असते. बहुतेक मुलं समुद्रकिनाऱ्यावर जातात, पण त्याच आठवड्यात सेवेच्या कामाला जाणाऱ्यांचेही गट असतात. मी एम.एस.ला होते. आम्ही बाराजण व्हॅनने न्यू ऑर्लिन्सला गेलो, चर्चच्या जमिनीवर झोपलो. कॅटरिना वादळ ऑगस्ट २००५ चं. आम्ही गेलो तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं, तरी लोअर नाइन्थ वॉर्डात गल्लीच्या गल्ली रिकाम्या होत्या. बंधारा फुटला त्याच्या जवळच्या जागी तर फक्त घरांचे चौथरे.

घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगाने मोठी फुली मारलेली होती. शोधपथकांची खूण ती. फुलीच्या एका खणात तारीख, एका खणात पथक आणि खालच्या खणात आत किती माणसं सापडली तो आकडा. शून्य दिसलं की आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो.

आमचं काम बुरशी धरलेल्या भिंती खरवडून सांगाड्यापर्यंत घर मोकळं करायचं. तोंडावर मास्क, हातात पहार. घरमालकीणबाई सत्तरीच्या, रोज खुर्ची टाकून समोर बसायच्या. ओला कचरा म्हणून आम्ही बाहेर टाकत होतो त्यात त्यांचं लग्नाचं सामान होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हातात द्यायला लागलो. काम निम्म्यावर आलं. गटप्रमुखाला घाई होती, पण आम्ही ऐकलं नाही.

त्यांनी भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली, छतापासून वीतभर खाली. मला एकदम नारायण पेठेतली आजी आठवली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाची रेघ ती आम्हाला असंच बोट लावून दाखवायची. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी बाईंना ते सांगितलं. "तुझ्या आजीने घर सोडलं का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा घरात आल्या आणि स्वयंपाकघर कुठे होतं ते आम्हाला दाखवलं.

* * *

सातारा. शिबिर भरायचं त्या गावातून

मी शिबिराला गेले नव्हते, शिबिर आमच्या गावात यायचं. तीन वर्षं लागोपाठ, एकाच कॉलेजचं, तेव्हा मी पाचवी ते सातवीत. गावाच्या बाजूनेही कुणी लिहावं असं वाटलं म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षी त्यांनी आमच्या आळीत नऊ शोषखड्डे केले. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान दगड, मग वाळू, आणि वर भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या, गाळणीसारख्या. मोरीचं पाणी रस्त्यावर यायचं थांबलं, डास कमी झाले. सगळे खूष. शिबिरातले लोक गेले. कुणाला सांगितलंच नव्हतं की शेंड्या बदलायच्या असतात. दोन पावसाळ्यांत खड्डे साबणाच्या गाळाने भरले आणि मोरी पुन्हा रस्त्यावर. आमच्या आजीने तिसऱ्या वर्षी एका शिबिरार्थी ताईला विचारलं, "पोरी, तुमी खड्डा करून दिलंसा, आता तो उपसायचा कुनी?" ती ताई रडवेली झाली. पण पळाली नाही. त्या वर्षी त्यांनी नवीन काही खणलं नाही. जुने नऊ खड्डे उपसले, दगड धुतले, पुन्हा भरले. आणि प्रत्येक घरातल्या एका बाईला हात घालायला लावलं. ते खड्डे मी बारावी होईपर्यंत चालत होते.

आणखी एक. त्या मुली आमच्या शाळेत झोपायच्या, आणि रात्री गॅसबत्तीच्या उजेडात पुस्तक वाचायच्या. मुलगी घराबाहेर सात दिवस राहते, भाषण करते, सरपंचांना प्रश्न विचारते, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मी त्यांच्यातल्या एकीला विचारलं होतं, शास्त्र घ्यायला काय लागतं. तिने वहीच्या कागदावर सगळं लिहून दिलं. आज मी एका महाविद्यालयात प्राध्यापक आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारीही.

मी शिबिराचं गाव तीन वर्षं बदलत नाही. दिवाळीआधी ग्रामसभेला जाऊन बसते, काम लोकांनी सांगायचं. कधी कधी ते असं काही सांगतात की आमच्या मुलांचा हिरमोड होतो, उदाहरणार्थ रेशनकार्डांचे अर्ज भरा. सोलापूरचे दादा, तुमचं टेबल वाचलं म्हणून हे मुद्दाम लिहिलं. आणि जूनमध्ये पाच-सहा मुलांना घेऊन परत जाते. या फेरीला कसलेही गुण मिळत नाहीत. तरी येणारे येतात.

* * *

कोथरूड, पुणे (धागाकर्ती)

लेकीने तुमचा शेवटचा अनुभव दोनदा वाचला. त्यांच्या गावातही शोषखड्ड्यांचंच काम आहे. तिने विचारायला सांगितलं आहे: मडक्यातल्या शेंड्या किती दिवसांनी बदलायच्या?

* * *

सातारा

पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बघायच्या, काळ्या-बुळबुळीत झाल्या की बदलायच्या. मडकं बाहेर काढता येईल असं सैल बसवा, सिमेंटने पक्कं करू नका. आणि तिला म्हणावं, घरातल्या बाईला नुसतं सांगू नकोस, तिच्याच हाताने एकदा बदलून घे.